भिंतीबाहेर

शांतवनला आम्ही भिंतीबाहेर पुरलं.
जालन्याच्या जुन्या दफनभूमीला काळ्या दगडांची भिंत होती,
छातीएवढी.
आत साहेबांच्या संगमरवरी पाट्या,
दाया, कंपाउंडर, पटकीत गेलेली बाळं.
बाहेर बाभळी
आणि माझा भाऊ.

पाळकसाहेब म्हणाले, नियम आहे.
मग छत्री मिटून उन्हात उभे राहिले,
प्रार्थना न करता.
एवढं मात्र केलं त्यांनी.
आई घरी. दळण अर्धंच राहिलेलं.
बाप म्हणाला, विचारलं तर सांगू, ताप होता.
चाळीस वर्षं आम्ही ताप सांगितला.

तसा तापच होता म्हणा,
थर्मामीटरला न कळणारा.
महिनाभर तो उपासनेनंतर मागं थांबायचा,
बाजाच्या पेटीचा भाता हलवायचा, सूर न दाबता,
नुसता तिचा श्वास ऐकत.
मी म्हणालो, विश्वास कमी पडतोय तुझा, प्रार्थना वाढव.
मी म्हणालो हे.
याच तोंडानं.

बापामागं दफनभूमीची किल्ली माझ्याकडं आली.
दर रविवारी मतांगीकारात ती ओळ येते,
तो अधोलोकात उतरला ती.
मंडळीला घाई तिसऱ्या दिवसाची.
मी तिथंच अडकतो.
कुणासाठी उतरला असेल?
आणि त्याला स्वतःला मारलं कुठं?
वेशीबाहेर.
एवढं सुचायला मला म्हातारपण यावं लागलं.
त्या दुपारी भिंतीचा पहिला दगड काढला.
कमिटीला सांगितलं, पावसानं ढासळली.
खोटं बोलायची सवय होतीच घरात.

निघालेल्या दगडांचा एक बाक केला,
कुणी येऊन बसेल म्हणून.

उपवासकाळात एका रात्री
एजरा साळवे येऊन बसला.
सळयांच्या कारखान्यात भट्टीवर असतो,
भुवया भाजलेल्या.
फोन बंद करून पालथा ठेवलेला.
बोलत काहीच नव्हता,
पण मला पेटीचा तो श्वास ऐकू आला.

या वेळी वचन सांगितलं नाही.
सरळ विचारलं,
लेकरा, जीव द्यावासा वाटतो का?
शब्द दाताला खड्यासारखा लागला.
वाटलं, विचारूनच घात केला आपण.
तसं काही झालं नाही.
तो खूप वेळानं म्हणाला, हो, हन्नोखकाका.
मग म्हणाला, कुणी विचारलंच नव्हतं.

कारण मी खोदलं नाही.
ते एकटं कधी नसतं,
हरळीसारखं असतं, एक उपटावं तर दहा मुळं.
घरी नेलं.
भाकरी टाकली, कालचं वरण गरम केलं.
तो संदेष्टा नाही का, रानात झुडपाखाली पडलेला,
पुरे झालं देवा, आता ने, म्हणणारा?
देवानं त्याला दटावलं नाही.
निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं.
उठवून परत भाकर.
रस्त्याचं नंतर.

मीही रस्त्याचं नंतर ठेवलं.
रात्रभर दाराला आडवी खाट टाकून पडलो.
सकाळी मिशनच्या दवाखान्यात त्याच्याबरोबर रांगेत बसलो,
पावणेदोन तास.
डॉक्टरीणबाई त्याच्याशी बोलल्या, गोळ्या लिहिल्या,
घरच्यांना बोलावून घेतलं.
आणि मंडळीत कुणी विश्वासाचं माप काढायला लागलं
की मी हातातली कुदळ जरा जोरात टेकतो.

बरा झाला, असं नाही म्हणणार.
काही आठवडे वाईट जातात.
पण त्या रात्रीत आणि आजच्यात
बऱ्याच भाकरी झाल्यात.
गुरुवारी येतो, चहात साखर कमी म्हणून भांडतो,
दगड काढू लागतो.
भिंत आता गुडघ्याएवढी राहिलीय.

परवा म्हणाला,
काका, तुमच्या भावाला पाटी नाही?
एक बरा दगड त्यानंच निवडला.
मी छिन्नी घेतली, नाव कोरलं.
शांतवन.
तो म्हणाला, पुढं काय?
मला सुचेना.
ताप
असं तर नाहीच लिहायचं.